मुलींना प्रजनन आरोग्य शिकवताना सुरुवात कुठून करावी?

जीवशास्त्रवाली
पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी दीड-दीड तासाची चार सत्रं घ्यायची आहेत. वर्गात चाळीसेक जणी. माझा आराखडा पाठ्यपुस्तकाच्या वळणाने गेलाय: अवयव, संप्रेरकं, पाळी, शेवटी गर्भनिरोधन आणि आजार. अशाने मुली माना खाली घालून आकृत्या उतरवत बसतात आणि शेवटच्या विषयाला वेळ उरत नाही. क्रम कसा लावावा? आणि प्रश्न कोणीच विचारत नाही, त्याला काय उपाय?

पांढरा_कोट
अवयवांना वीस मिनिटं पुरेत. मात्र आकृती बदला. पुस्तकात गर्भाशय आणि बीजवाहिन्या असतात, बाहेरून दिसणारा भाग गाळलेला असतो. त्यामुळे पुढून मागे मूत्रद्वार, योनिद्वार, गुदद्वार अशी तीन वेगळी द्वारं आहेत, हेच अनेकींना ठाऊक नसतं. हे कळलं की शौचानंतर पुढून मागे का पुसायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. योनिपटलावरून कौमार्य ओळखता येत नाही, हेही याच आकृतीवर सांगून टाका.

उरलेलं पहिलं सत्र मोजणीला द्या. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, नुसता डाग मोजायचा नाही. तिथपासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, स्राव ८ दिवसांपर्यंत, आणि चक्राचक्रांत आठवडाभराचा फरक, हे सगळं नेहमीचंच. '२८ दिवस' एवढंच शिकवलं की ३४ दिवसांचं नियमित चक्र असलेली मुलगी उगाच घाबरते.

सराव काल्पनिक नोंदींवर घ्या, म्हणजे कोणाला स्वतःचं सांगावं लागत नाही. एकीची चक्रं २६, २७, २५ दिवसांची. दुसरीची ३४, ३६, ३३. तिसरीची ३०, ५५, ९२. डॉक्टरकडे कोणी जायचं? फक्त तिसरीने.

स्त्रीबीज 'चौदाव्या दिवशी' सुटतं हेही खोडून काढा. ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, म्हणजे ३४ दिवसांच्या चक्रात विसाव्या दिवसाच्या आसपास. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात आणि पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही, म्हणून 'सुरक्षित दिवसां'चा हिशेब फसतो.

चिठ्ठीवाली
प्रश्न न येण्याचं कारण बहुधा हात वर करायला लावणं हेच असतं. सगळ्यांना एकसारखे कागद द्या आणि सगळ्यांनी लिहायचंच, असा नियम करा. जिला प्रश्न नाही तिने फळ्यावरच्या दोन ओळी उतरवायच्या. नाहीतर जी लिहिते तीच उठून दिसते. चिठ्ठ्या सत्र संपताना गोळा करा आणि उत्तरं पुढच्या सत्राच्या सुरुवातीला द्या. तयारीला वेळ मिळतो. वाचताना प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडा; मूळ चिठ्ठी वर्गात दाखवली तर अक्षर ओळखलं जातं.

एखाद्या चिठ्ठीत जबरदस्तीचा उल्लेख आला तर ती वाचू नका. मदत कुठे मिळते ते सगळ्या वर्गाला सांगा, म्हणजे जिला हवं तिला पोचतं. 'सगळं गुप्त राहील' असं वचन देऊ नका. काही गोष्टी कळवणं कायद्याने बंधनकारक असू शकतं; ते आधी विचारून ठेवा.

औषधवाली
गर्भनिरोधन दुसऱ्याच सत्रात घ्या, शेवटावर ढकलू नका. सर्वांत जास्त घोळ तातडीच्या गोळीबद्दल असतो. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच मात्रा, असुरक्षित संबंधानंतर जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत. ती स्त्रीबीज सुटणं लांबवते. ते आधीच सुटलं असेल तर फारसा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ तिने पडत नाही. दोन तासांत उलटी झाली तर मात्रा पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भचाचणी. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी याहून खात्रीची असते, हे सहसा कोणी सांगतच नाही.

कंडोम दाखवायचाच, नुसता वर्णन करून भागत नाही. रोजच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या साधारण १३ जणींना गर्भ राहतो, अचूक वापरात २. फरक पडतो तो उशिरा चढवणं, टोकाशी हवा राहणं, दोन एकावर एक घालणं आणि लॅटेक्सला तेल किंवा व्हॅसलिन लावणं यामुळे.

जीवशास्त्रवाली
क्रम पटला. आजारांत काय घ्यावं, काय सोडावं? पीसीओएसवर (संप्रेरकांच्या असंतुलनाने पाळी अनियमित होण्याच्या विकारावर) पूर्ण सत्र द्यावं का?

पांढरा_कोट
नको. नावांच्या यादीपेक्षा 'कधी दाखवायचं' हे शिकवा. पॅड तास-दोन तासांत पूर्ण भिजतं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडतात, हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे, किंवा तीन महिने पाळी नाही (आधी गर्भचाचणी). स्राव ८० मिलिलिटरच्या वर गेला की जास्त धरतात, पण तो मोजायचा तर खुणा असलेला कपच हवा.

पाळीतल्या पोटदुखीचं कारण प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे गर्भाशय आवळायला लावणारं रसायन. ते वेदनाशामकाने रोखता येतं, पण गोळी दुखणं शिगेला पोचल्यावर नव्हे, सुरू होतानाच घ्यायची, काही खाऊन. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी आधी विचारून. गोळी घेऊनही दर महिन्याला वर्ग बुडत असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याची) शक्यता तपासायला हवी.

पीसीओएसबद्दल एकच गोष्ट ठासून सांगा: पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून निदान करायचं नसतं. या वयात अंडाशयात पुष्कळ पुटिका (स्त्रीबीज वाढतं त्या छोट्या पिशव्या) दिसणं स्वाभाविक आहे. त्या 'गाठी' नव्हेत.

औषधवाली
पांढऱ्या स्रावालाही दहा मिनिटं ठेवा. चक्रानुसार पातळ-घट्ट होणारा, वास नसलेला स्राव नेहमीचा. दह्यासारखा आणि खाज, माशासारखा वास, हिरवट फेसाळ, हे तिन्ही दाखवण्याजोगे. योनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ३.८ ते ४.५ असतो, सुगंधी द्रावणाने आतून धुतलं की तो बिघडतो आणि जंतुसंसर्ग वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) लस या वयातही घेता येते. मात्र लस घेतली म्हणून पुढे गर्भाशयमुखाची तपासणी टळत नाही, कारण कर्करोग करणारे सगळे प्रकार लशीत नसतात.