बारीक पायांना नीट बसणारे गुडघ्यापर्यंतचे गमबूट गोव्यात कुठे मिळतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंड्याजवळ आमचं छोटं कुळागर (सुपारीची बाग) आहे आणि पावसात रोज पोफळीखाली उतरावं लागतं, जळवा तर आहेतच पण मला जास्त भीती घोणसीची आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), पायाला जखम असली की साचलेल्या घाण पाण्यातून लागण होते म्हणतात, त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट नकोतच.

प्रॉब्लेम असा की माझी पोटरी जाड भागाला ३० सेमी आणि दुकानातल्या गमबुटाचं तोंड ३८ सेमी. सगळे पुरुषांच्या मापाचे! पाऊल ५ नंबरला बरोबर बसतं पण वर मागून चार बोटं सहज आत जातात, पाट ओलांडताना त्यातूनच पाणी शिरतं, मग मोजा भिजून टाच घासते आणि चिखलात पाय उचलला की बूट तिथेच रुतून राहतो. परवा तशीच पडले, हातात कोयती होती, नशीब थोडक्यात वाचले.

जाड मोजे घालून बघितले, उकाड्यात पाय नुसते शिजतात. म्हापश्याचा शुक्रवारचा बाजार पण पालथा घातला.

वरती दोरी ओढून आवळता येते किंवा बाजूला बक्कल असतो असे बूट मडगाव-पणजीत कोणी बघितलेत का? ऑनलाइन घेतले असतील तर प्लीज तोंडाचा घेर टेपने मोजून सांगा, साइट्सवर नुसती उंची देतात. आणि पीव्हीसीच्या बुटाला मागे चीर देऊन इलॅस्टिक लावून घेतलंय का कोणी, पाणी आत येतं का मग?