लायब्ररीचं चित्रांचं पुस्तक पावसात भिजलंय

कोथरूडकर: कॉलेजच्या लायब्ररीतलं आर्ट पेपरचं जाड पुस्तक भिजलं. सुकवून गुपचूप परत केलं तर?

जुना_बाइंडर: गुपचूप नको! चकचकीत पानांवर खनिज भुकटीचा थर असतो. पानं चिकटून सुकली की सुटत नाहीत, ओढली तर चित्रच सोलून निघतं. इस्त्री, हेअर ड्रायर तर लांबच ठेवा. पुस्तक मिटलेलंच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. पानं चिकटून सुकण्याआधी तेवढाच वेळ मिळतो. आजच ग्रंथपालांना कळवा.

काउंटरवाली: परत देताना पुस्तक भिजल्याची नोंद करून घ्या. बऱ्याच ठिकाणी भरपाई म्हणून त्याच पुस्तकाची नवी प्रत मागतात. छापील किमतीवर सुटका होईलच असं नाही. आणि मैत्रिणीने नेलं होतं वगैरे चालत नाही, कार्ड ज्याचं त्याची जबाबदारी.

पेठकर: पुढच्या वेळी दप्तराला रेनकव्हर असलं तरी पुस्तक वेगळ्या पिशवीत. पाठीकडून पाणी झिरपतंच.