वितरक, विक्रेता की डीलर? मेनूत काय लिहावं?

प्रश्न (सांगली) :
ठिबकचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीच्या वेबसाइटचा मराठी मजकूर तपासतोय. जवळचं दुकान शोधायची सोय आहे, तिथे मेनूत 'आमचे वितरक जाळे' असं लिहिलंय. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर तासगावच्या बागायतदाराला फिल्टरचं वायसर तातडीने हवं असतं. तो 'वितरक' दिसला म्हणून तिथे दाबतो, तर समोर अर्ज येतो : गोडाऊन किती चौरस फूट, अनामत किती भरणार, सध्या कोणता व्यवसाय करता. दुकानांची यादी त्या अर्जाच्या खाली, पार तळाला. तिथवर कोण जाणार? या जागी कोणता शब्द योग्य?

उत्तर (मिरज) :
'वितरक' शब्द बरोबर आहे, पण तो इथला नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानांत 'मुख्य वितरक' छापलेलं असतं. तो दुकानांना पुस्तकं पुरवतो, वाचकाला एकेक प्रत विकत बसत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात माल देतो तो विक्रेता, म्हणून दुकानाच्या पाटीवर 'अधिकृत विक्रेता' असतं. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातही घाऊक आणि किरकोळ विक्रेता असा भेद आहे.
गॅसचं उदाहरण थोडं वेगळं. कंपनीच्या लेखी तो वितरक, आणि माल घरपोच तोच देतो. तरी आपण म्हणतो 'गॅस एजन्सी'. शिवाय नुसतं 'वितरण' म्हटलं की आपल्याकडे महावितरण आठवतं, नाहीतर रेशन.
'अडत्या' मात्र यात आणू नका. तो मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल विकून देतो, म्हणजे उलट्या दिशेचा व्यवहार.

उत्तर (विटा) :
मी शेती साहित्याच्या दुकानात काउंटरवर असतो. गिऱ्हाईक 'डीलर कोण हाय?' विचारतं, किंवा सरळ 'हे कुठं मिळंल?' 'विक्रेता' पाटीवर वाचतात, तोंडात येत नाही. मेनूत 'कुठे मिळेल?' लिहा, कुणालाही कळेल.
पण खरी अडचण पुढे आहे. यादीत तालुका निवडायला सांगतात. विट्याचा माणूस 'विटा' शोधतो, यादीत असतं 'खानापूर'. इस्लामपूरवाल्याला (आता ईश्वरपूर) 'वाळवा' निवडावं लागतं, आणि वाळवा नावाचं गाव वेगळं आहेच. खानापूर तर बेळगाव जिल्ह्यातही आहे. सातबाऱ्यावर तालुका ठीक, पण खरेदीला माणूस बाजारपेठेच्या गावी जातो. दोन्ही नावं द्या : 'विटा (ता. खानापूर)'.
पिनकोडवरही विसंबू नका. विट्याचा ४१५३११, साताऱ्याचा ४१५००१, तासगावचा ४१६३१२. पहिले तीन आकडे जुळवून दुकान दाखवलं, तर आम्हाला शेजारचं तासगाव सोडून सातारा दिसतो.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. 'कुठे मिळेल?' हेच ठेवतो, आणि मेनूत अगदी पहिलं. 'वितरक' शब्द वेगळ्या ओळीत, 'वितरक व्हायचे आहे?' असा, अर्ज तिकडेच जाईल. दुकानाच्या नावापुढे 'अधिकृत विक्रेता' राहील, कारण पाटीवर तेच असतं आणि माणूस पाटी बघूनच दुकान ओळखतो. शोधाच्या चौकटीत 'डीलर', 'एजन्सी', 'दुकान', 'वितरक' यातलं काहीही टाकलं तरी त्याच यादीवर पोचलं पाहिजे, असं कंपनीला आग्रहाने सांगणार आहे. लोकांनी आपला शब्द बदलावा ही अपेक्षाच चुकीची.

उत्तर (विटा) :
प्रत्येक दुकानापुढे फोन नंबर आणि साप्ताहिक सुट्टीचा वारही द्या. आटपाडीहून माणूस गाडी काढून येतो आणि शटर बंद, असं नको. आणि 'सर्व साहित्य उपलब्ध' असं लिहू नका. नळी सगळ्यांकडे असते, वायसर नसतं. सुटे भाग कुणाकडे मिळतात ते वेगळं दाखवा; त्याला 'सुटे भाग'च म्हणा, 'घटक' नको.