मदत हवी आहे: वादळात घराचं छप्पर गेलं, कौलं घालावी की पत्रे? (तातडीचं)

सावली२२ (१६ जून २०२०, सकाळी)
नमस्कार. नागपूरहून लिहितेय. वादळात सासरच्या घराचं छप्पर गेलं. पाऊस लागलाय, वर ताडपत्री आहे, तीही एका अंगाने फाटली. दीर म्हणतात पत्रे टाकून मोकळे होऊ, सासऱ्यांना कौलंच हवीत. पैसे मी पाठवणार आहे, त्यामुळे दोन दिवसांत काय ते सांगायचं आहे. कौलं किती लागतील, कुठे मिळतील, पत्रे घातले तर टिकतील का? लॉकडाऊनमुळे स्वतः जाता येत नाही. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी लवकर लिहा.

महालकर
ताई, कोणतं वादळ? आमच्याकडे तर दोन दिवस नुसतं आभाळ होतं. कवेलू (कौलं) पाहिजे असतील तर जुने वाडे पाडतात तिथे विचारा, आमच्या गल्लीतच मागच्या वर्षी एक वाडा पडला, ट्रॉलीभर कवेलू फुकट गेले. टिन टाकू नका, नागपूरच्या उन्हात टिनाखाली माणूस भाजून निघतो.

सावली२२
घर नागपुरात नाही हो. मी नागपुरात राहते. घर दिवेआगरला आहे, रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुका. ३ जूनचं निसर्ग वादळ. मला वाटलं वादळ म्हटल्यावर कळेल.

महालकर
माफ करा, लक्षात नाही आलं. तेच वादळ विरत विरत ४ तारखेला पश्चिम विदर्भावर आलं होतं, तेच ते आभाळ. सासू-सासरे बरे आहेत ना?

सिव्हिलमधला_धरमपेठ
ताई, एवढ्यावरून उत्तर देता येणार नाही. घर दुपाखी की चौपाखी (छपराला दोन उतार की चार)? भिंती चिऱ्याच्या की मातीच्या? वासे आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) शाबूत आहेत की मोडल्या? सगळं छप्पर गेलं की एक बाजू? पडवी वेगळी आहे का? लांबी-रुंदी किती? फोटो टाका.

सावली२२
फोटो येत नाहीत. तिकडे वीज नाही, रेंज नाही. सासरे रोज संध्याकाळी गावाबाहेर चढावर जातात तेव्हा दोन-तीन मिनिटं बोलणं होतं. विचारून सांगते.

कृष्णाकाठ
ज्येष्ठ लोकांना अशा ठिकाणी ठेवूच नये. सरळ नागपूरला घेऊन या. किनाऱ्यावरच्या जागेला भाव आहे, विकून टाका. आता अशी वादळं वरचेवर येणार.

सावली२२
विकायचं का, हा माझा प्रश्न नाही. सासरे ७४ वर्षांचे आहेत, वाडी त्यांनी स्वतः लावलेली आहे. परवा फोनवर छपराचं एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "उभ्या आहेत त्या पोफळींना काथ्या बांधत चाललोय, म्हणजे मोजताना चूक नको." पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, तीनशेच्या वर होत्या, ४१ ना काथ्या बांधला. सोललेली सुपारी माळ्यावर पोत्यांत होती, छप्पर उडाल्यावर ती भिजून काळी पडली. ही वर्षाची कमाई. मागे तीन खोल्या पर्यटकांसाठी होत्या, त्यांचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीत जाऊन पडले. मार्चपासून कोणी आलंच नव्हतं, उन्हाळ्याचा हंगाम आधीच बुडाला होता. कृपया घराचंच सांगा.

मुरुडचा_वाडीवाला
वहिनी, मी मुरुडला असतो, आमच्याकडेही तेच झालं. अनुभवाचं सांगतो. पत्रे घालू नका. त्या दुपारी दोन तास पत्रे पतंगासारखे फिरत होते, आम्ही माजघरात खाटेखाली बसून होतो. कौलं उडतात, पण एकेक करून. पत्रा जातो तो सगळा एकदम, जाताना वासाही उपटून नेतो. शिवाय खाऱ्या हवेत साध्या पत्र्याला पाच-सहा वर्षांत गंज चढतो.

सिव्हिलमधला_धरमपेठ
वाडीवाले भाऊ, तुमचा अनुभव खरा आहे, पण दोष पत्र्याचा नाही, बांधणीचा आहे. खिळ्यावर ठोकलेला पत्रा उडणारच. वारा छपराला वरून दाबत नाही, उचलतो. त्यातून खिडकी किंवा दार फुटलं की वारा आत शिरतो आणि आतूनही ढकलतो. सगळ्यात जास्त ओढ आढ्याला (माथ्याला), कोपऱ्यांना आणि वळचणीला (खालच्या कडेला) बसते. तिथे बोल्ट दुप्पट जवळ हवेत, खाली रबरी वायसर हवा, आणि वासा भिंतीत सळईने जखडलेला हवा. तो नुसता भिंतीवर टेकलेला असेल तर वर काहीही घाला, जाईल. किनाऱ्यावरच्या कमी उंचीच्या घरांसाठी भारतीय मानक १५४९८ आहे, २००४ सालचं, त्यात हे सगळं आहे.

आणि विदर्भातल्या मंडळींसाठी एक. वाऱ्याच्या मानकात, म्हणजे ८७५ च्या तिसऱ्या भागात, नागपूर आणि मुंबई दोन्हींचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटरच धरलाय, ताशी जवळपास १५८ किलोमीटर. पुण्याचा ३९. तेव्हा हे फक्त समुद्राकाठच्यांचं काम समजू नका, आपल्याकडचे गोडाऊनचे टिन मे महिन्यात असेच जातात.

मुरुडचा_वाडीवाला
मानक ठीक आहे साहेब, पण आज तालुक्यात सुतार मिळत नाही, वेल्डर मिळत नाही, वीज नाही तर ड्रिल कशावर चालवणार? कौलं दोन माणसं हाताने चढवतात.

सिव्हिलमधला_धरमपेठ
हा मुद्दा मान्य. मग कौलं घाला, पण बांधून घाला. मंगलोरी कौलाच्या पाठीवर नाक असतं, त्याला बहुतेक वेळा भोक असतं. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक आणि कडेच्या ओळी तारेने रिपेला बांधायच्या. तार जस्त चढवलेली किंवा तांब्याची, साधी लोखंडी नको. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून वेगळं ठेवा. गेलं तर तेवढंच जाईल.

काटोलचा_संत्रेवाला
बाई, छपराचं होईल जी. मी बागेचं सांगतो. आमच्याकडे गारपिटीने संत्र्याची सालटी निघाली होती, आम्ही लगेच खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली, फांद्या छाटल्या, दोन वर्षांत बाग उभी. तुमच्या सासऱ्यांना सांगा, पडलेली झाडं उभी करून मातीची भर द्या, छाटणी करा, पेस्ट लावा. फुटतील.

मुरुडचा_वाडीवाला
नाही फुटणार, काका. पोफळीला आणि माडाला एकच शेंडा. तो मोडला की झाड संपलं, बाजूने फूट येत नाही. छाटणी सांगून त्या माणसाला खोटी आशा लावू नका. कोवळी पोफळ मुळासकट कललेली असेल, शेंडा हिरवा असेल, तर ती आधार देऊन उभी करता येते. जायफळही आडवं पडलं तरी मुळं धरून असली तर वाचतं, त्याच्या फांद्या हलक्या करा. बाकी खोडं बाहेर काढायची, आणि माडाची तर लगेच. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, पुढच्या वर्षी तोच उभे माड खातो. जखम झालेल्या माडावर सोंड्या भुंगा येतो तो वेगळाच.

काटोलचा_संत्रेवाला
बरं, मी संत्र्यावरून बोललो, चुकलं. पण नवीन लावायला काय हरकत आहे?

मुरुडचा_वाडीवाला
लावायचीच आहे. रोप दीड वर्षाचं घ्यायचं, नऊ फुटांवर लावायचं, पण आधी केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब). उघड्या उन्हात पोफळीचं रोप करपतं. वर सावली देणारी मोठी झाडंच गेली ना. केळ उभी राहिली की तिच्या आडोशाला रोप. सुपारी धरायला सहा-सात वर्षं. श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपांची नोंदणी तिथे करून ठेवा, सगळे एकदम मागायला जाणार आहेत.

इतवारी_किराणा
श्रीवर्धनी रोठा, म्हणजे तिकडची सुपारी, एवढा गेला म्हणजे भाव वाढणार. नागपुरात खर्र्यासाठी (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणासाठी) सुपारी किती लागते, ठाऊक आहे का? बहुतेक माल दक्षिणेकडचा असतो, पण रोठ्याचं गिऱ्हाईक वेगळं आहे. कोणाकडे जुना कोरडा माल असेल तर कळवा.

डॉक्टर_मेडिकल_चौक
या निमित्ताने लिहितो. खर्र्याने तोंड उघडेनासे झालेले विशी-पंचविशीतले रुग्ण मी रोज बघतो. बोटं आत जात नाहीत, तिखट खाता येत नाही. तंबाखू सोडली तरी नुसत्या सुपारीनेही हे होतं. घरात कोणी खात असेल तर आजच थांबवा.

सावली२२
डॉक्टर, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण इथे नको. आमच्याकडची सुपारी पूजेला, लग्नाला जाते. त्यावर माझ्या नवऱ्याचं इंजिनिअरिंग झालं.

काल सासऱ्यांशी बोलले. घर चौपाखी, भिंती चिऱ्याच्या, दक्षिणेच्या बाजूचे वासे मोडले, बाकी शाबूत. साधारण ९०० चौरस फूट छप्पर, त्यातलं निम्मं गेलं.

निवृत्त_महसूल_वर्धा
ताई, छपराला हात लावायच्या आधी पंचनामा झाला का? कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. आणि घर, वाडी कोणाच्या नावावर आहे? शासनाने या वादळासाठी मदत वाढवली आहे. पूर्ण पडलेल्या घराला पूर्वी ९५,१०० होते ते दीड लाख, बागेला हेक्टरी १८,००० होते ते ५०,०००, २ हेक्टरपर्यंत. पण मदत कागदावरच्या नावाला जाते. घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा), वाडीचा सातबारा, आधार आणि बँक पासबुक एका पिशवीत घालून ठेवायला सांगा.

सावली२२
पंचनामा १२ तारखेला झाला म्हणे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. वाडी २२ गुंठे, पण सातबारा अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. वारस नोंद झालीच नाही. मिळून ९ जण लागतात, त्यातले दोघे मुंबईत, एक आत्या बडोद्याला. हे महत्त्वाचं आहे हे मला माहीतच नव्हतं.

निवृत्त_महसूल_वर्धा
फार महत्त्वाचं आहे. वारस नोंदीचा अर्ज आजच द्या, आणि बाकीच्यांकडून संमतीपत्र घ्या की मदत कसणाऱ्याच्या खात्यावर जमा व्हावी. कागद टपालाने येईपर्यंत सहीचा फोटो मागवून ठेवा, तलाठ्याला निदान दाखवता येईल.

काटोलचा_संत्रेवाला
हेक्टरी ५० हजार म्हणजे बरे आहेत की. आम्हाला गारपिटीत एवढे नव्हते मिळाले.

मुरुडचा_वाडीवाला
काका, तुमच्याकडे हेक्टर असतात. आमच्याकडे गुंठे. गुंठ्याला ५०० रुपये पडतात. वहिनींच्या २२ गुंठ्यांचे ११,०००, ते ९ जणांत वाटले तर हाती बाराशे. एक पोफळ तोडून बाहेर काढायला मजूर किती घेतो ते विचारा. पोफळ झाडावर मोजायला हवी, जमिनीवर नाही. एका गुंठ्यात पोफळी, खाली जायफळ, मिरीचा वेल, केळ, एवढं सगळं असतं.

काटोलचा_संत्रेवाला
हा हिशोब माहीत नव्हता. खरं आहे तुमचं.

कृष्णाकाठ
मी विकायचं म्हणालो ते रागाने नव्हतं. तुमच्या गावच्या सुवर्णगणेशाच्या दर्शनाला आम्ही २००५ साली आलो होतो, वाडीत १९९७ ला मूर्ती सापडली ती. २०१२ ला चोरीला गेली तेव्हा फार वाईट वाटलं. गावाने तेही सोसलं. जागा खरंच सुंदर आहे, तुम्ही ठेवताय ते बरं करताय.

सिव्हिलमधला_धरमपेठ
मूळ प्रश्नाकडे. निम्मं छप्पर म्हणजे ४५० चौरस फूट. १०० फुटाला साधारण १५० मंगलोरी कौलं, म्हणजे ७०० च्या आसपास, फुटतुटीला ५० जास्त धरा. मोडलेल्या वाशांच्या जागी नवे चढवताना भिंतीत सळई घ्यायला विसरू नका. पण एक सांगा, कौलाच्या पाठीवर छाप काय आहे? वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. खाच दोन सूत इकडेतिकडे असली की पाणी आत येतं. अर्धं जुनं अर्धं नवं घालायचं असेल तर साचा जुळायला हवा.

सावली२२ (२० जून)
उशीर झाला, चार दिवस फोन लागला नाही. दिरांना पोलिसांचा ई-पास मिळाला, ते पनवेलहून माणगाव-म्हसळामार्गे पोचलेत. त्यांनी कौल धुऊन बघितलं. पाठीवर मंगळूरची अक्षरं आहेत, मधे चौकट, चौकटीत हत्ती. लांबी बोटाने मोजली तर दोन विती आणि चार बोटं. नाकाला भोक आहे. गाडीतल्या चार्जरवर फोन चार्ज करून त्यांनी फोटो पाठवला.

ठरलं की कौलंच घालायची, तारेने बांधून. मागच्या तीन खोल्यांचं दिवाळीपर्यंत काही करायचं नाही. पैसे कमी आहेत, घर आधी. आत्याने बडोद्याहून सही केलेला कागद पाठवलाय.

श्रीवर्धन_गल्ली
हा धागा आजच वाचला, आमच्याकडे रेंज आजच आली. आम्ही ८ वर्षांपूर्वी कौलं काढून स्लॅब घातला. हत्तीच्याच छापाची चारशे-साडेचारशे कौलं गोठ्यामागे रचून ठेवली आहेत. वादळात वरची फुटली असतील, खालची असावीत. पैसे नकोत, न्यायची सोय करा. पण टेम्पो पाठवण्याआधी दिरांना एक कौल घेऊन पाठवा, माझ्याकडच्याच्या खाचेत बसवून बघू. हत्तीवाली दोन साच्यांची असतात.

सावली२२
ते उद्या सकाळी सात वाजता निघतात. कौल पिशवीत बांधून ठेवलंय. सासऱ्यांनी विचारलंय, तुमच्याकडे केळीचे मुनवे आहेत का?