जुन्या फोर्ड पिकअपचं मीटर पॅनेल घरी बनवायचंय: सेंडर जुने, गेज नवे, जमेल का?

प्रश्न
गाडी १९७० ची फोर्ड एफ-१००, पेट्रोल, १२ व्होल्ट. मूळ क्लस्टरचं (सगळे मीटर एकत्र बसवलेल्या भागाचं) प्लास्टिक तडकलंय आणि मागचा प्रिंटेड सर्किटचा पापुद्रा जळालाय. स्पीडोमीटर चालू आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ५२ मिमीचे स्वस्त गेज (काट्याचे मीटर) बसवायचे आहेत: इंधन, तापमान, ऑईल प्रेशर, व्होल्ट. टाकीतला आणि इंजिनवरचे सेंडर (मोजमाप घेऊन गेजला कळवणारे भाग) तेच ठेवले तर चालेल का? आणि पत्रा कापायचा कसा?

उत्तर १
गेज घ्यायच्या आधी मल्टीमीटर काढा. या गाडीचा टाकीतला सेंडर रिकाम्याला साधारण ७३ ओहम आणि भरलेल्याला १० ओहम दाखवतो. बाजारातले बहुतेक स्वस्त गेज २४०–३३ ओहमचे (आधी रिकामा, मग भरलेला आकडा) असतात. तो लावलात तर टाकी कोरडी पडली तरी काटा अर्ध्याच्या खाली उतरणार नाही. १०–१८० वाला लावलात तर काटा उलटाच चालेल. म्हणून इंधनाचा गेज ७३–१० चाच मागा, नाहीतर टाकीतला सेंडर गेजच्या जोडीने बदला.

बसवण्याआधी टेबलावर तपासा. गेजला १२ व्होल्ट आणि अर्थ द्या, सेंडरच्या टर्मिनलवरून १० ओहमचा रेझिस्टर अर्थला लावा: काटा 'फुल'वर गेला पाहिजे. मग ६८ आणि ४.७ ओहम सिरीजमध्ये लावा, काटा 'एम्प्टी'वर आला पाहिजे. दोन्ही जमलं की गेज बरोबर आहे, पुढची गडबड वायरिंगची.

तापमान आणि ऑईल प्रेशरला मात्र जुने सेंडर ठेवायचा हट्ट नको. तापमानाच्या सेंडरचा वक्र (तापमानाप्रमाणे ओहम कसे बदलतात तो) कंपनीगणिक वेगळा असतो, दोन टोकं जुळली तरी मधला आकडा खोटा येतो. गेजसोबत मिळणारा सेंडरच बसवा.

उत्तर २
वरच्यात एक भर. या गाडीत क्लस्टरच्या मागे छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. तो कॉन्टॅक्ट उघड-बंद करत सरासरी ५ व्होल्टच पुढे सोडतो. नव्या गेजचा पुरवठा त्याच्यानंतर घेतलात तर सगळे काटे लोळलेले दिसतील. इग्निशनवरून ३ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट १२ व्होल्ट घ्या. उलट, जुना गेज एखादा ठेवणार असाल तर त्याला थेट १२ देऊ नका, आतली तार जळते.

अर्थ पत्र्याच्या भरवशावर सोडू नका. रंगवलेल्या पॅनेलला अर्थ लागत नाही, आणि मग दिवे लावले की इंधनाचा काटा हलतो. प्रत्येक गेजचा अर्थ एका काळ्या वायरवर, आणि ती वायर बॉडीच्या खरवडलेल्या बोल्टवर. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे घालू नका. सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो. आटेही बघा: एक-अष्टमांश इंची एनपीटीला (अमेरिकन पाइप आटे) इंचाला २७, बीएसपीला (ब्रिटिश पाइप आटे) २८. एक-दोन फेरे गोड जातात, मग अडकतं. तिथे जोर लावलात तर ब्लॉकमधलेच आटे जातील.

उत्तर ३
पत्र्याबद्दल. ३ मिमी जाडी पुरते. आधी पुठ्ठा कापून डॅशमध्ये बसवा, स्टिअरिंगमागून कुठला गेज झाकला जातो ते सीटवर बसून बघा. गेजची पुढची रिंग भोकापेक्षा मोठी असते, म्हणून दोन केंद्रांत निदान ६५ मिमी अंतर ठेवा. गेजची खोलीही मोजा, मागचे कनेक्टर धरून.

होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) ५१ चा घ्या आणि कानसीने ५२ करा. ५४ चा घेतलात तर गेज भोकात डुगडुगेल. पत्रा प्लायवर क्लॅम्पने घट्ट आवळा, वेग कमी ठेवा, दात भरू नयेत म्हणून रॉकेलचे थेंब सोडत राहा. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला सॉ पत्रा पकडून फिरवतो, बोटं तिथेच जातात.

स्पीडोमीटर चालू आहे ना? मग तोच नव्या पत्र्यात बसवा, सगळ्यात मोठी बचत तीच. केबल मैलाला १००० फेरे देते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. दुसऱ्या गाडीचा मीटर या केबलवर लावलात तर आधी हा आकडा जुळतो का बघा.

प्रश्नकर्ता
गेजमध्ये एलईडी बल्ब टाकले तर जुन्या डिमरने मंद होतील का?

उत्तर २
नाही. जुना डिमर म्हणजे तारेचा रिओस्टॅट (कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर). एलईडी इतका कमी करंट घेतो की रिओस्टॅटवर व्होल्टेज पडतच नाही. पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद करून मंद करणारा) डिमर लावा, किंवा साधेच बल्ब ठेवा. चार गेजना साधे बल्ब पुरे आहेत.