बागेतल्या मॉडेल रेल्वेच्या ट्रॅकला काँक्रीट? कृपया नको!

रूळवेडा: काल कुणीतरी ठणकावून सांगितलं की कडक थंडी-उन्हात बागेतला ट्रॅक टिकवायचा तर काँक्रीट ओता, रूळ स्क्रूने आवळा, विषय संपला. अहो, तिथूनच तर सुरू होतो! रूळ पितळेचे, आणि पितळ मीटरमागे दर अंशाला ०.०१९ मिमी वाढतं. १० मीटरची सरळ लाइन, थंडी ते ऊन ६० अंशांचा फरक, म्हणजे ११ मिमीच्या वर. ते जाणार कुठे? बाजूला, नागमोडी होऊन. खडीवर मोकळा ठेवा, वळणं आपोआप थोडी सरकून घेतात.

पक्काकाम: तो 'कुणीतरी' मीच, नाव घ्या की. आमच्याकडे जमीन गोठते. ओली माती गोठली की फुगते, इथे जास्त तिथे कमी, आणि मग दर हिवाळ्यानंतर स्पिरिट लेव्हल घेऊन गुडघ्यावर रांगायचं. हा छंद आहे की वेठबिगारी?

खडीवाली: मग तुमचं काँक्रीट काय हवेत असतं? पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेला नसेल तर तेही उचललं जातं, वर तडा जातो तो वेगळाच. आणि तुम्ही नक्की गोल गोटे टाकले असणार, ते घरंगळतातच. टोकदार खडी टाका, थोडी चुरी चालेल पण जास्त नको, चुरी पाणी धरून ठेवते.

बॅटरीबाबा: मुळात इंजिनाला रुळातून करंट द्यायचाच कशाला? बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल टाका, मग ॲल्युमिनियमचे रूळही चालतात.

रूळवेडा: ॲल्युमिनियम पितळेपेक्षाही जास्त वाढतं, ०.०२३. आणि धागा ट्रॅकचा आहे, बॅटरीचा नाही!!

पक्काकाम: लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची खराब होते, बाबा. बर्फात काय करता?

बॅटरीबाबा: घरात चार्ज करतो राव, गाडीसोबत मी पण बाहेर झोपत नाही! तुम्ही मात्र गाडी चालवायच्या आधी करंट नीट यावा म्हणून तासभर रूळ घासत बसा, तरी मधलाच एक तुकडा मेलेला.

खडीवाली: यात बाबांचा मुद्दा आहे (नाइलाजाने म्हणतेय). माझे जॉइनर (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या) आतून काळे पडले, इंजिन नेमकं झुडपामागे थांबायचं. मग क्लॅम्प लावले, करंट सुरळीत झाला. पण क्लॅम्पने सांधे जाम होतात, म्हणून मध्ये मध्ये सरकता सांधा ठेवलाय आणि त्याच्यावरून लवचीक वायर नेलीय.

पक्काकाम: म्हणजे सरकायला जागा ठेवली तर काँक्रीटही चालेल. हेच म्हणत होतो मी.

रूळवेडा: नाही, तुम्ही 'आवळा' म्हणालात. वर जाऊन वाचा.

पक्काकाम: बरं, दोन स्क्रू सैल करतो. खूश?