शब्दचर्चा : कंपोझिशन आणि फ्रेमिंग. रचना, मांडणी, चौकट की आणखी काही?

गेले चार महिने कॅमेरा शिकते आहे. शिकवणारे सगळे व्हिडिओ हिंदी-इंग्रजीत, आणि दर दुसऱ्या वाक्यात कंपोझिशन (फोटोत काय कुठे घ्यायचं) नाहीतर फ्रेमिंग (कडांच्या आत काय ठेवायचं). शब्दकोशात रचना, मांडणी, संयोजन, चौकट असे शब्द सापडले, पण वापरायला गेलं की अडतं.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर काढलेला एक फोटो आईला दाखवला. पायऱ्या, झाड, धुणं धुणाऱ्या बायका, वसईहून आणलेल्या पोर्तुगीज घंटेची देवळी (छोटं देऊळ), पलीकडचं शेत, सगळं त्यात आहे. आई म्हणाली, "छान आहे गं, पण मी बघू कुठं?" तिचं बरोबर होतं. आता यात नेमकं काय चुकलं ते मराठीत कसं सांगायचं? 'रचना चुकली' म्हटलं तर घाटाच्या बांधकामातच खोट आहे असं वाटतं. 'संयोजन' म्हटलं की संमेलनाचे संयोजक आठवतात. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद १
माझे वडील छापखान्यात जुळारी होते. छपाईसाठी धातूची अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरला मराठीत जुळारी आणि कंपोझिंगला जुळणी. लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाचा अर्थ 'एकत्र ठेवणे' असाच आहे, त्यामुळे जुळणी हा शब्द चपखल बसतो. पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा जुळाऱ्याला हातानं भरावी लागे. त्यासाठी शिशाचे कोरे तुकडे असत. ते अक्षरांच्या खिळ्यांपेक्षा ठेंगणे, म्हणून त्यांना शाई लागत नसे. कागदावर जे कोरं दिसतं तिथे खाली धातू असायचा. फोटोतल्या मोकळ्या आकाशाकडे मी तसंच बघतो. ते उरलेलं नसतं, ठेवलेलं असतं. त्याला हल्ली 'नकारात्मक अवकाश' म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. मोकळी जागा म्हणावं.

प्रतिसाद २
सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना आठवेल, वस्तुचित्राच्या तासाला बादली, तांब्या, दोन वांगी टेबलावर ठेवली जायची. ती *मांडणी*, आणि ती शिक्षकांची. तेच सगळं कागदावर कुठे, केवढं घ्यायचं ती *रचना*, आणि ती मुलांची. आमच्या वर्गात हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी आले नाहीत.

आता तुमचा घाट. ताटाचा फोटो काढताना वाटी सरकवता येते, तिथे मांडणी म्हणा. घाटावरचं झाड सरकत नाही. चित्रकार ते कागदावर दोन बोटं डावीकडे घेऊ शकतो, तुम्ही नाही. तुम्हाला स्वतःला सरकावं लागतं. गुडघे वाकवायचे, चार पायऱ्या उतरायच्या, पुढे जायचं. म्हणून 'रचना चुकली' याऐवजी 'उभं राहण्याची जागा चुकली' म्हणून बघा. नवशिक्याला त्यातून पुढे काय करायचं तेही कळतं.

जाता जाता, रूल ऑफ थर्ड्‌सला कुणी 'तीनचा नियम' म्हणू नये. रूल ऑफ थ्री म्हणजे त्रैराशिक, ते गणितातलं. हा तृतीयांशाचा नियम. इंग्लंडमधल्या जॉन थॉमस स्मिथनं १७९७ मध्ये तो या नावानं मांडला, म्हणजे छायाचित्रणाच्या आधी, निसर्गचित्रांसाठी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू केली की पडद्याचे तीन-तीन भाग करणाऱ्या दोन उभ्या, दोन आडव्या रेघा दिसतात त्या याच. क्षितिज मधोमध न घेता वरच्या किंवा खालच्या रेघेवर घ्यायचं. आकाश सांगायचं आहे की पाणी, ते त्यातून ठरतं.

प्रतिसाद ३
फ्रेमच म्हणा हो. लग्नात "काका, फ्रेममध्ये या" म्हटलं की सगळ्या काकांना कळतं.

प्रतिसाद ४
कळतं, पण फ्रेमचे अर्थ तीन आहेत. आमच्या स्टुडिओत तिन्ही एकाच दिवशी वापरले जायचे. फिल्मच्या रोलवरची फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, १२० नंबरच्या रोलवर चौकोनी १२ आणि पस्तीस मिलिमीटरवर ३६. भिंतीवरची फ्रेम, जिला आमचे आजोबा तसबीर म्हणत. आणि डोळ्यासमोरची, जी शिकायला सगळ्यांत अवघड.

या तिसरीला माझं मत *चौकट*. चौकट मुळात दाराची. आत काय आणि बाहेर काय, ते ती ठरवते. मी शिकलो तो दोन भिंगांचा, पोटाशी धरायचा कॅमेरा. वरून काचेत बघायचं, तर डावं उजवीकडे दिसायचं. माणूस डावीकडे सरकला की काचेत उजवीकडे जायचा. त्या गोंधळात चेहऱ्यापेक्षा कडांकडे जास्त लक्ष जायचं, आणि तेच बरं झालं. बटण दाबण्याआधी नजर चारी कडांवरून एकदा फिरवायची. अर्धा हात, डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली चप्पल, सगळं तिथेच सापडतं. आम्ही याला 'चौकट झाडणे' म्हणायचो.

प्रतिसाद ५
चौकटीच्या आतली चौकट असते तिला काय म्हणाल? खिडकीतून, फांद्यांमधून घेतलेला फोटो. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी अँबॅसडर गाडीची दारं आणि काचा यांचीच अशी चौकट करून देशभर छायाचित्रं घेतली.

मूळ प्रश्नकर्ती
यासाठी मला *कोंदण* सुचतं. हिऱ्याला कोंदण असतं तसं. कमान असेल तर महिरप, आणि नुसतीच सजावट जास्त झाली तर मखर! मखरच बघत बसलो आणि गणपती दिसलाच नाही, असं फोटोतही होतं. कोंदण विषयापेक्षा गडद आणि शांत असलं की नजर आपोआप आत जाते, एवढं मला आता प्रयोग करून कळलंय.

तुमचे प्रतिसाद वाचताना आणखी एक लक्षात आलं. आपण फोटो *काढतो*. रांगोळी काढतो, चित्र काढतो, तसा. आणि केर काढतो, काटा काढतो, तसाही. माझ्या पहिल्या फोटोत मी पहिल्या अर्थानं सगळं काढलं होतं, दुसऱ्या अर्थानं काहीच नाही. आईला बघायला जागा नव्हती ती त्यामुळे.

रविवारी परत मेणवलीला गेले. घंटेच्या देवळीत, कमानीच्या आतल्या बाजूला सावलीत उभी राहिले. झाड बाहेर, शेत बाहेर. कमानीचं काळं कोंदण, खालच्या तृतीयांशात उन्हातल्या पायऱ्या, एकच बाई साडी पिळते आहे आणि तिच्या तोंडासमोर बरंच मोकळं पाणी. आईनं फोटो हातात घेतला आणि लगेच विचारलं, "ही कोण गं?"

उजव्या कडेला अर्धी निळी बादली राहिली आहे. चौकट झाडायची विसरले.